क्षमाच्या पाटीवरच्या रेघा

चामराजपेट, बेंगळूर
७ जुलै १९५८

तीर्थरूप आईस, ठकूचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, पोटभर जेवते. कमलाअक्का घरच्यासारखंच वागवते. तुझा खोकला थांबला का? गुंडो हे वाचून दाखवेल, त्याला सांग, मध्येच हसायचं नाही.

एक सांगायचंय, पण लाज वाटते. अक्काची क्षमा चार वर्षांची आहे. पाटीवर नागमोडी रेघा काढते आणि म्हणते, "बाबांना पत्र लिहिलंय, लवकर या म्हणून." परवा पाहुण्यांसमोर तिनं पाटी माझ्या हातात दिली. "ठकूअक्का, तू वाच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शाळा सोडलीय हे त्यांना ठाऊक आहे. हिलाच वाचता येत नाही म्हणतील, असं वाटलं. म्हणून बोलून गेले, "यात काय वाचायचं? नुसत्या अळ्या!" आणि ओल्या फडक्यानं पाटी पुसली.

पाहुणे हसले. पोर रडली नाही गं. पाटी कोपऱ्यात उलटी ठेवली, ती पुन्हा हातात घेईना.

आज ताटात तांदूळ पसरून मीच तशा रेघा काढत बसले. ती जवळ आली. "काय लिहिलंस?"

"माझं चुकलं, असं."

तिनं वाकून बघितलं. "स्वल्प, जरा नीट काढ की," म्हणाली, आणि स्वतःच बोट फिरवायला लागली.

खालच्या रेघा तिनं तुला लिहिल्यात, इकडं ये म्हणून. उत्तर गुंडोकडून लिहून घेऊ नकोस. तुला लिहायला येत नसलं तरी तूच तशा रेघा काढून पाठव. ती वाचेल.

तुझी,
ठकू