टिल्मनचं नाणं

४ फेब्रुवारी, मंगळवार

सिनेटरबाईंच्या ऑफिसातून फोन. क्रॅटमवर बंदीचा कायदा येतोय, सुनावणीत बाजूने बोलाल का? अकरा वर्षं नशेच्या गोळ्यांपासून सुटलेली, चर्चच्या तळघरात व्यसनमुक्तीची बैठक चालवणारी बाई — यांना असलीच माणसं हवीत! लगेच हो म्हटलं. पेट्रोल पंपावर च्युइंगगमशेजारी विकतात ती पाल्याची हिरवी पूड. एक नशा सोडायला दुसरी — आगीतून फुफाट्यात.

५ फेब्रुवारी

दुकानात ओरा भेटली. टिल्मनची आई. "ग्लेना, मीपण चाललेय सुनावणीला. बंदीच्या विरुद्ध बोलायला. गाडी बंद पडलीय माझी. नेशील?"

कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

८ फेब्रुवारी

इथे तरी खरं लिहावं.

टिल्मन छपरं बसवायचा. शिडीवरून पडला, मग गोळ्या, मग सुई. सगळं सोडलं. वर्ष झालं तेव्हा मीच त्याच्या तळहातावर बैठकीत देतात ते नशामुक्तीच्या वर्षाचं नाणं ठेवलं. केक, टाळ्या! पुढच्याच मंगळवारी सहज बोलून गेला — रोज सकाळी क्रॅटमचा चहा घेतो, त्यावरच उभा आहे.

हॉबर्ट ताडकन उठला. आमच्यात सगळ्यांत जुना, सोळा वर्षांचं नाणं मिरवणारा. "मग हा सुटला कसला? नियम म्हणजे नियम!"

मी हात पुढे केला. टिल्मनने नाणं परत दिलं. वर हसला! "बरं बाई, उद्या माझा पहिला दिवस."

नाण्यासाठी चहा सोडला त्याने. पाचव्या आठवड्यात बाथरूममध्ये सापडला. फेंटॅनिल — हेरॉइनहून जहाल.

नाणं माझ्या डब्यात आहे. डबा उघडवत नाही.

१२ फेब्रुवारी

राजधानीपर्यंत दोन तास. ओराने सॉसेज घातलेले बिस्किट-पाव आणले होते. बर्फाच्या, रस्त्याच्या गप्पा. मग एकदम — "त्या चहावर माझं लेकरू वर्षभर कामावर जात होतं, ग्लेना. रविवारी माझ्याकडे जेवायचं. घेवड्याचं सूप दोनदा वाढून घ्यायचं." वळण चुकले मी.

प्रत्येकाला दोन मिनिटं. एका बापाची मुलगी पंपावरच्या क्रॅटमच्या कडक अर्काच्या बाटल्या पिऊन गेलेली. ढसाढसा रडला. त्याचं काय खोटं होतं? डॉक्टर म्हणाले, याचीही सवय लागते. तेही खरंच. ओरा कागदाशिवाय बोलली.

माझं नाव पुकारलं. लिहून नेलेलं पर्समध्येच राहिलं. सकाळी का कोण जाणे डब्यातून घेतलेलं नाणं टेबलावर ठेवलं. म्हटलं, "हे मी एका माणसाकडून काढून घेतलं. आता तो नाही. कडक बाटल्या बंद करा, पोरांना विकू नका. पण साधा पाला राहू द्या." वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. सिनेटरबाई माझ्याकडे बघेनात.

परतताना नाणं ओराला दिलं. तिने रुमालात बांधलं. उतरताना माझा खांदा दाबला — घट्ट. घरी येऊन खूप रडले.

२८ फेब्रुवारी

कायदा मंजूर! जुलैपासून जवळ बाळगणंही गुन्हा.

४ मार्च, मंगळवार

बैठकीत विचारलं — चहा कोण कोण घेतं? कुणाचंही नाणं काढणार नाही, शप्पथ. चौदा माणसं. आठ हात वर आले. पहिला हॉबर्टचा.