नांदेड काय लांब आहे!

९ जानेवारी
आजपासून रोजनिशी. डॉक्टरीणबाईनं लिहायला सांगितलं म्हणून नाही, मलाच वाटलं. बाई दर गुरुवारी देगलूरला येते, मेडिकलच्या माडीवर बसते. मनाची डॉक्टर. जिन्यात शेजारचा सिद्धलिंग भेटला, त्याला दाढ दुखतीय म्हणून सांगितलं.

बाई म्हणाली, काका, हार्ट चांगलं आहे, हा पॅनिक अटॅक. दिवाळीत नांदेडला जाताना नरसीजवळ छाती धडधडली, घाम फुटला, बस थांबवून उतरलो. तेव्हापासून गाव सोडलं नाही. एवढ्यावरून मी घाबरट? मोंढ्यात धान्याच्या सौद्याला बसलो की भल्याभल्यांचा घाम काढतो हा अमृतराव.

गोळी रोज एक. वर होमवर्क. आधी बसनं शंकरनगर, मग नरसी, मग नायगाव, मग नांदेड. धडधडलं तरी उतरायचं नाही, नाडी बघायची नाही. आपोआप ओसरतं म्हणे.

२ फेब्रुवारीला नांदेडला आमच्या लेकीच्या, अंबिकाच्या पोरीचं बारसं. फोनवर म्हणाली, अप्पा, तुमी आल्याबिगर पाळणा हलवणार न्हाई. अगं येतो की! नांदेड काय लांब आहे!

१३ जानेवारी
शंकरनगरचं तिकीट काढलं. बस स्टँडच्या गेटात आली आणि टायरचा आवाज बरोबर वाटेना. उतरलो. कंडक्टर बजरंगला टायरचं सांगितलं तर दात काढून राहिला. लोकांच्या जिवाची फिकीरच नाही. तिकीट जपून ठेवलं.

१६ जानेवारी
बाईला तिकीट दाखवलं. शाब्बास म्हणाली. तेवढ्यात गुरम्मा मधे बोलली, अय्यो, हे तर चहा उकळायच्या आत घरी आले होते! बायकोला दवाखान्यात नेऊ नये.

गोळी अर्धीच घेऊन राहिलो. सवय लागायला नको. बाईला सांगितलं नाही.

२२ जानेवारी
शंकरनगर झालं! खरंखुरं. गुरम्माचा हात धरून बसलो, तिला भीती वाटू नये म्हणून. मधे लई धडधडलं, मग खरंच ओसरलं. परत येताना गाणं म्हणावंसं वाटलं.

संध्याकाळी सिद्धलिंगला अँग्झायटी म्हणजे काय ते तासभर समजावलं. त्याला आहे. मानायला तयार नाही बिचारा.

२७ जानेवारी
नरसी झालं. डोळे मिटून, बोटाला ऑक्सिमीटर लावून. गुरम्मा म्हणाली, नाडी बघितली, हे धरायचं नाही. मी म्हटलं, झालं की नाही?

३० जानेवारी
फर्स्टक्लास आयडिया. बारसं नायगावला घ्यायचं. दोन्हीकडच्या पाहुण्यांना मधे पडतं. अंबिकाला लगेच फोन. संध्याकाळी तिचाच फोन आला. म्हणाली, आईनं बाईला विचारलं. बाई म्हणाल्या, तुम्ही सगळे अलीकडं येत गेलात तर अप्पांना नांदेड अजून लांब होईल. मी स्टँडवर पोरीला घेऊन उभी राहते. तुमीच या.

डॉक्टर आणि बायको एक झाल्यावर माणसानं जावं कुठं?

२ फेब्रुवारी, सकाळी
नवी टोपी. इस्त्रीचं धोतर. गोळी आख्खी. पोरीसाठी घेतलेले चांदीचे वाळे माझ्याच खिशात, मीच घालणार. आज कोण अडवतंय बघू.

२ फेब्रुवारी, दुपारी. नायगाव स्टँड.
नरसीच्या पुढं सुरू झालं. गुरम्मा सारखी म्हणे, बसा हो, शंकरनगरला ओसरलं होतं की. बस नायगावला थांबली. मी म्हटलं, तू हो पुढं, मी पाणी पिऊन मागच्या बसनं आलोच. बारशाला आजी तरी पाहिजे म्हणून गेली.

पाणी पिलो. नांदेडची बस आली, फार गर्दी. दुसरी आली, ड्रायव्हर पोरगेला वाटला. मग देगलूरची आली.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी. घर.
घरी पोचल्याबरोबर छाती शांत. नाडी एकदम नॉर्मल. दाखवायला काहीच उरलं नाही.

गुरम्माचा फोन आला. मागं बायका पाळणा म्हणत होत्या. मी तिला नाडी सांगितली, बीपी सांगितलं, नायगावचं पाणी कसं बाधलं तेही सांगितलं. म्हणाली, बरं, जेवून घ्या. आणि ठेवला.

वाळे खिशातच राहिले. लई वाईट वाटून राहिलं.

पोरीचं नाव काय ठेवलं, ते विचारायचंच राहिलं.