बटण क्रमांक दोन

प्रिय लंबूताई,

‘शनिवारी येतेय’ हा तुझा भलामोठा निरोप पोचला. शब्दांची काटकसर तू आईकडून उचललीस आणि उंची माझ्याकडून. उलटं झालं असतं तर दाराच्या चौकटींना डोकं आपटायचं तरी वाचलं असतं. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर मी विनोद करतो, तू ‘बरं’ म्हणतेस आणि दोघंही सुटतो. म्हणून हा कागद.

आधी किरकोळ बातम्या. स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे. मी त्याच्याखाली बादली ठेवली आहे आणि माझ्यापुरता प्रश्न सुटला आहे. शेजारचे सल्लागार ठणठणीत आहेत. निवृत्त झाल्यापासून त्यांना जगातलं सगळं कळतं. नोकरीत असताना त्यांच्या साहेबांचं मत वेगळं होतं म्हणे. नळ पाहून त्यांनी पाण्याच्या दाबावर व्याख्यान दिलं आणि जाताना बादली मोठी घ्यायला सांगितलं.

तुझी आई असती तर एव्हाना वॉशर बदलून हात पुसून झाले असते. आपल्या घरात विजेचं, नळाचं, खिळ्यांचं काम तिचं आणि विजेरी धरणं माझं. तेही मला धड जमायचं नाही. ती स्टुलावर, तोंडात पेचकस, आणि मी खाली उभा राहून गप्पा हाणतोय. मग वरून ठरलेलं वाक्य यायचं: “अहो, माझ्या डोळ्यांत नको, तारेवर धरा.” संसारात मला मिळालेली ही एकमेव तांत्रिक सूचना.

गाडीही तिचीच. मला चालवता येते, पण ती शेजारी बसून नुसता श्वास रोखून धरायची, त्यापेक्षा तिनंच चालवलेली बरी. दारावरची ती दोन बटणं तुला ठाऊकच आहेत. एक दाबलं की सीट माझ्या मापाला मागे जाणार, दोन दाबलं की तिच्या मापाला पुढे. पार स्टेअरिंगच्या कुशीत. समोरून येणाऱ्याला वाटायचं, गाडी आपली आपणच चालली आहे. ती गेल्यानंतर मी गाडी फक्त बाजारापर्यंत नेतो. परत आलो, गाडी लावली, की उतरण्याआधी दोन दाबायचो. सीट कुरकुरत पुढे सरकायची, तिची पाठ ताठ व्हायची, बाहेरचे आरसे किंचित खाली झुकायचे. मग मी पोट आत ओढून, गुडघे सोडवत कसाबसा बाहेर पडायचो. सल्लागारांनी एकदा हे पाहिलं आणि विचारलं, हे काय. मी म्हटलं, मोटारीला व्यायाम. त्यांनी मान डोलावली. त्यांनी तसं कुठंतरी वाचलंच होतं.

तर गाडी उभी राहून राहून बॅटरी उतरायला लागली. एका सकाळी किल्ली फिरवली तर नुसता खोकला. सल्लागार कुंपणापलीकडून म्हणाले, बॅटरी पुरती मेली की गाडी सगळं विसरते. घड्याळ, रेडिओ, सगळं. मी त्या शेवटच्या शब्दापाशी अडकलो. मेकॅनिकला बोलवायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण तो आला की पहिलं काम म्हणून बॅटरीच्या तारा काढणार, आणि असं करू नका बाबा, का ते विचारू नका, हे मी त्याला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

सल्लागारांनी त्यांच्या मेव्हण्याचा ट्रकसाठीचा जुना चार्जर आणून दिला. त्याच्या तारा बॅटरीपर्यंत पोचेनात. मग मी तुझ्या आईचा बिस्किटांचा डबा काढला, तारांचा. त्यातली एक दुपदरी काळी वायर निघाली. दोन्ही पदर सारखेच, फक्त एकाच्या टोकाला बारीकशी गाठ. ती गाठ ती नेहमी मारायची. मी हजारदा पाहिली असेल, विजेरी धरून. मी विचार केला, गाठ म्हणजे सावधान, म्हणजे उणे. आणि तशी जोडली.

टक झालं. समोरचे सगळे दिवे एकदम लागले, जणू गाडीला काहीतरी आठवलं. मग विझले, आणि जळक्या प्लास्टिकचा वास.

नंतर मी तिनं जोडलेल्या घरातल्या वस्तू उघडून पाहिल्या. दारावरची घंटा, माळ्यावरचा बॅटरीचा दिवा, तुझ्या खोलीतलं गजराचं घड्याळ. सगळीकडे गाठ अधिकच्या तारेला. इतकी वर्षं मी खाली उभा होतो आणि एकदाही विचारलं नाही की ही गाठ कशाची. गप्पांतून सवड कुठं होती.

वर्कशॉपवाल्यानं गाडीला कॉम्प्युटर लावला आणि सांगितलं की आतले दोन डबे जळलेत, सीटची मापं लक्षात ठेवणाराही गेला, नवे टाकू. नवा कोरा येतो, पण काळजी नको. आपल्या मापाला बसायचं, बटण दाबून ठेवायचं, झालं. मी विचारलं, जुन्यातलं काही काढता येईल का. तो चांगला माणूस होता, हसला नाही. म्हणाला, “साहेब, त्यात आता काही नाही.”

गाडी आता उत्तम चालते. दोन दाबलं की सीट जागची हलत नाही. मी स्वतः पुढे घेऊन पाहिली, जास्त झाली. मागे घेतली, कमी झाली. उशी ठेवून पाहिली. पण तिचे डोळे कुठे असायचे, आरसा कुठवर झुकायचा, हे मोजलंय कुणी? ते फक्त त्या डब्याला माहीत होतं.

आता मूळ मुद्दा. तू दरवेळी आलीस की चष्मा गाडीत राहिला म्हणून गॅरेजात जातेस. तू चष्मा लावत नाहीस, लंबूताई. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गॅरेज दिसतं. तू सीटवर बसतेस, दोन दाबतेस आणि ती तुला हळूहळू पुढे नेते, गुडघे स्टेअरिंगला टेकेपर्यंत. मग तू तशीच घडी होऊन कपाळ टेकवून बसतेस. म्हणून तुझा चहा मी नेहमी उशिरा ठेवतो. हे मी कधी बोललो नसतो. पण शनिवारी तू बटण दाबशील आणि काहीच हलणार नाही, ते तुला तिथं एकटीला कळू नये, म्हणून लिहिलं. अंदाजानं बसवून ठेवावी, तुला काय कळणार, असं एकदा मनात आलं होतं. कळलं असतं. तुझ्या गुडघ्यांना कळलं असतं. आता ती सीट माझ्या मापाला मागे आहे, म्हणजे तुझ्याही. बसायचं असेल तर बस. मी खिडकीशी उभा राहणार नाही.

तुझाच,
विजेरी धरणारा बाबा