इन्व्हर्टरवर घेतलेले दिवे

प्रिय ठोंब्या,

बाप झालास तरी तुला ठोंब्याच म्हणणार, दुसरं काही म्हणायला हात वळत नाही. फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर तू विषय बदलतोस, आणि व्हिडिओ लावला की आई शेजारी बसून तुझे ओठ वाचते. मला तुझ्या एकट्याशी बोलायचं आहे. तर आधी बातमी सांगतो : इन्व्हर्टर बसला. तुमच्याकडे लाईट फार जाते, बाळाचे हाल होतील, आधी इन्व्हर्टर बसवा मग येतो, असं तू कितीदा ऐकवलंस. मी नेहमीप्रमाणे आज-उद्या करत राहिलो आणि आई नातीला मांडीवर घ्यायची वाट बघत राहिली. शेवटी एका सकाळी ती शिलाई मशीनवर कापड टाकून, पिशवी हातात घेऊन दारात उभी राहिली. म्हटलं, चला, आता सुटका नाही.

दुकानदाराला मी तू सांगितलेली यादीच ऐकवली. फ्रिज, टीव्ही, चारही पंखे, मोठा इन्व्हर्टर, दोन बॅटऱ्या. गडी खूश. त्याने स्वतः खुर्च्या पुसून दिल्या. मग वहीवर पेन टेकवून त्याने विचारलं, की काका, लाईट गेल्यावर काय काय चालू राहायला हवं? त्याच्या झुपकेदार मिशांमुळे आईला त्याचं काही कळेना, म्हणून मी तिला हातांनी सांगितलं. तिने क्षणभरही विचार केला नाही. सगळे दिवे, म्हणाली. बाथरूमचा, जिन्यातला, सगळे. पंखा एकच, बाळाच्या खोलीतला. फ्रिज नको, टीव्ही तर मुळीच नको. दुकानदाराचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. म्हातारा चिकट आणि म्हातारी त्याहून, असं त्याने मनात म्हटलं असणार. पण माणूस सरळ निघाला. नुसत्या दिव्यांना आणि एका पंख्याला एक चांगली ट्यूब्युलर बॅटरी पुष्कळ झाली, म्हणाला, बॅटरी खातो तो फ्रिज. पाण्याची पातळी बघत जा आणि तिला हवेशीर जागी ठेवा, एवढं बजावून त्याने आम्हाला वाटेला लावलं.

तिला दिवेच का हवेत हे तुला सांगायला नको. लाईट गेली की इतरांच्या घरात अंधार होतो, आपल्या घरात बोलणंच बंद पडतं. हात दिसत नाहीत, ओठ दिसत नाहीत, मग तळहातावर बोटाने अक्षरं काढायची. तू पाटीवर अक्षर गिरवण्याआधी तिच्या तळव्यावर गिरवलंस. आमची भांडणं आठवतात ना? माझी बाजू लंगडी पडायला लागली की मी मनात म्हणायचो, आता लाईट जाऊ दे. आणि कधी खरंच जायची! तर ही बाई टॉर्च काखेत धरून, झोत स्वतःच्या हातांवर पाडून उरलेलं भांडण पुरं करायची. मी डोळे मिटून घेतले तर पापण्या उघडायला कमी करायची नाही. दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हॅलो हॅलो करून कान किटलेला मी, घरी येऊन अशी बोलणी खायचो. पण टॉर्चचे सेल संपले की ती माझं मनगट घट्ट धरून गप्प बसायची. त्या अंधारात तिला काय वाटतं हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं रे.

मग वायरमन आला. त्याला तिने घाम फोडला. दिवा डोक्यामागे असला की बोलणाऱ्याचं तोंड सावलीत जातं, म्हणून प्रत्येक खोलीत ती स्वतः उभी राहायची, हात हलवून बघायची आणि दिव्याची जागा दाखवायची. सगळ्यात जास्त वेळ घेतला पाळण्याने. पाळण्यावर वाकणाऱ्या माणसाच्या तोंडावर आणि हातांवर उजेड पडला पाहिजे, बाळाच्या डोळ्यांत जाता कामा नये. वायरमन म्हणाला, बाळाला झोपायला अंधार लागतो, तिथे दिवा कशाला? मीही त्याचीच री ओढली. तिने आम्हा दोघांना खोलीबाहेर काढलं आणि हवा तसाच दिवा लावून घेतला. मला वाटलं, आजीपणाची हौस.

परवा संध्याकाळी पहिल्यांदा लाईट गेली. इन्व्हर्टर टक् करून चालू झाला. टक् तिला कुठून ऐकू येणार? मी सांगितलं तेव्हा ती खिडकीशी गेली, काळोखात गेलेली सगळी गल्ली बघून आली, माझ्यासमोर बसली आणि बोलायला लागली. मागे व्हिडिओवर असताना सूनबाईच्या हातून ताट पडलं होतं, आठवतं? मी इथे दचकलो, तू दचकलास, सूनबाईने डोळे मिटले. बाळ मजेत पडद्याकडे बघत होतं. मी ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. आईला ताट ऐकू आलं नव्हतं. तिला फक्त तीन दचकलेले चेहरे दिसले, आणि एक न दचकलेला. तिला तेव्हापासून माहीत आहे. ती शांतपणे सांगत होती आणि रडत मी होतो.

तर तुझं खरं कारण लाईटचं नव्हतं. आई स्वतःला दोष देईल म्हणून तू लपवलंस, आम्हाला कळतंय. खोटं कशाला सांगू, दिला तिने दोष. एक अख्खा दिवस मशीनला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी उठली ती पिशवी घेऊन दारात. डॉक्टर, तपासण्या, यंत्र, जे करायचं ते जरूर करा, ती आड येणार नाही. पण तिने एक विचारायला सांगितलं आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. पोरीशी हातांनी बोलायला लागलास का? हल्ली व्हिडिओवर तुझे हात दिसतच नाहीत, असं ती म्हणते. तुला जी भाषा आईच्या मांडीवर आली, ती तू कोणाला कळू नये म्हणून खिशात घालून बसला आहेस. आमच्याकडे येशील तेव्हा ये, उद्या आलास तरी दार उघडं आहे. पण हे पत्र खाली ठेव आणि आधी पोरीसमोर जाऊन बस. आई म्हणते, ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत असेल, आणि तिला वाटत असेल, या घरात कोणी कोणाशी बोलतच नाही.

तुझाच,
बाबा