सात नंबरमधलं पाणी

प्रिय पापा,

पत्र बघून दचकू नकोस, मी कुठल्या अडचणीत नाही. चार वर्षांत पोस्टकार्डापलीकडे काही लिहिलं नाही, हे कबूल. मधे अलास्कात मासे साफ केले, मग अ‍ॅरिझोनात एका बाईच्या शेळ्या राखल्या. त्यातली एक माझे बूट खायची... जाऊ दे, सांगायचं वेगळंच आहे.

मी आपल्या मेन राज्यातच आहे, घरापासून दोन तासांवर. इथल्या रेल्वे संग्रहालयाच्या शेडमध्ये रंग खरवडायला माणूस हवा होता. आत शिरले तर समोर आपला सात नंबर, तुझं इंजिन! भंगारात गेला म्हणाला होतास ना? लाकूडगिरणीचा हिरवा रंग पार सोलपटलाय, पण ओंडक्यांचे डबे ढकलताना तू जिथे कोपर टेकायचास, ती खिडकीची कड अजून गुळगुळीत आहे. सगळं इंजिन खरवडलं, तेवढी जागा सोडली.

शेडचा म्होरक्या लेलंड, म्हातारा फिटर, तोंडाचा फाटका. "ए शेळीवाली, बॅटरी नीट धर, माझ्या नाकावर उजेड काय पाडतेस!" इंजिनाच्या ब्लॉकला हातभर तडा होता. भोकाशेजारी भोक पाडून, त्यात स्क्रू पिळून आम्ही तो उन्हाळाभर शिवला. शिवता शिवता तो म्हणाला, "इंजिन गार ठेवायला ह्यात साधं पाणी असतं. थंडीत इंजिन बंद करायचं तर आधी ते बाहेर सोडायचं. ह्याच्या ड्रायव्हरने तीस वर्षं सोडलं आणि एकदा राहिलं. पाणी गोठलं, ब्लॉक फुटला. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणे, विसरलो. इंजिनावरून काढून त्याला बसवला गोदामात. बावळट!"

"बावळट नाही तो," मी म्हणाले आणि बोट चेचल्याचं निमित्त करून रडून घेतलं.

कारण केबिनमधल्या वहीत तुझ्या अक्षरातली शेवटची नोंद मी वाचली होती. तेवीस डिसेंबर, दुपार. त्याच दुपारी मी चिठ्ठी ठेवून बस पकडली होती. तू तीन दिवस बस अड्डे पालथे घातलेस, हे आईने कधीच सांगितलं होतं. पण हातातलं काम टाकून धावलास, हे कुणीच नाही. फोनवर मला म्हणालास, "नवं इंजिन आलं, आता गोदामात बसून काम, चैन आहे!"

काल लेलंडला सगळं सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "शनिवारी दहाला पहिली फेरी आहे. तुझ्या बापाशिवाय कुणाला हात लावू देणार नाही. आणि बावळट म्हणालो ते त्याला सांगू नकोस."

पापा, मला माफ कर. चालवायला ये, नाहीतर नुसता माझ्यावर ओरडायला ये. आईलाही आण. आपले शनिवारचे बीन्स मी शिजवीन, करपले तरी खा. या वेळी मला शोधत फिरावं लागणार नाही. पत्ता पाकिटावर लिहिलाय, आणि तू येईपर्यंत मी इथून हलत नाही.

तुझीच पळपुटी,
ओडील