बयनामावशीच्या कानातला कापूस

१२ नोव्हेंबर
लिहीन लिहीन म्हणत आठ दिवस गेले. वही येताना भैंसा गावातच घेतली होती, पण जिनिंग मिलसमोर कापसाच्या गाड्या बघत बसलो आणि पेन घ्यायचा राहिला. असो. तामसीजवळ तेलाच्या बोअरवर काम मिळालं, झकास आहे! तेल आटत आलंय. म्हणून एका बोअरमधून जमिनीत गॅस दाबायचा, म्हणजे खडकाला चिकटलेलं तेल सुटून दुसऱ्या बोअरमधून वर येतं. मी फक्त प्रेशरचा काटा सांभाळायचा आणि कंपनीच्या सुरेंद्र साहेबांना फोनवर सांगायचं. राहतो बोअरला लागूनच, बयनामावशीकडे. भाकर गोड, जीभ तिखट. "काऊन रे पंकज, जमिनीत हवा भरून राह्यला, तिले काय सायकलची ट्यूब समजला?"

१५ नोव्हेंबर
विहिरीच्या पाण्यावर तवंग येतोय. मावशी घागरीच्या तोंडाला कापूस लावून गाळते. घरच्या कापसातून विषही जात नाही म्हणे. तो काळा बोळा मात्र फेकत नाही. गुडघ्याला चोळते, वारं लागू नये म्हणून कानात घालते. गुडघ्याचं दुखणं थांबलं म्हणून खूश आहे. वासामुळे मी जेवायला ओसरीत बसतो. साहेबांना कळवणार होतो, पण देवदर्शनाला जाणारी बासरची बस दिसली आणि चढलो.

१८ नोव्हेंबर
भाकरीवर मावशीच्या बोटांचे काळे ठसे. पीठ मळताना मनगटातून घाम नाही, तेल गळत होतं. तोवर मी अर्धी भाकर खाल्ली होती. ओकलो. ओकारीवरही तवंग. दुसऱ्या बोअरमधून अजून थेंब नाही.

२० नोव्हेंबर
साहेबांनी सांगितलं म्हणून काटा चढवला. घरी आलो तर मावशीच्या कानातून, नाकातून, नखांखालून काळं, कोमट, फेसाळ — काटा खाली आणला की थांबतं. चढवला की — दोनदा करून पाहिलं. शी. हे मीच करतोय.

२१ नोव्हेंबर, सकाळ
व्हॉल्व्ह बंद केला. साहेबांना सगळं सांगितलं, म्हातारी मरेल म्हटलं. ते चिडले नाहीत. एवढंच विचारलं, किती निघालं? घागरभर, म्हटलं. एका दिवसात? हो —
माझीही गोधडी चिकट. हात धुतो, जात नाही —

दुपार
जीप आली. साहेब स्वतः, हैदराबादहून. बोअरकडे गेलेच नाहीत. ओसरीत उभे. सोबतचा माणूस पिंप उतरवतोय, आणि नळ्या, बारीक तोंडाच्या. मावशी उठून त्यांना पाणी देतेय — साहेबांनी घेतलं नाही.
हसून मला विचारलं, तूही इथलंच पितोस ना? आणि एक नळी माझ्या कानाकडे —