ट्रामवरचं स्थळ

मार्गशीर्ष वद्य २, केदारखेडा

आष्टीचे मामा भल्या सकाळी येऊन ठेपले. कापूस वेचायचे अजून दोन पट्टे राहिलेत, तरी त्यांनी माझ्या बहिणीला, भागाला, वावरात जाऊ दिलं नाही. स्थळ आणलंय तिला. पाटाचं. नवरदेव त्यांच्याच गावचा, तिशी उलटलेला, नाव रंगनाथ. पहिली बायको बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं. तेव्हापासून मुंबईत. ट्रामवर कंडक्टर आहे म्हणे.

माय रडायला लागली. आनंदानं की कशानं, तिलाच ठाऊक. भागाचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून ती आमच्याकडंच. विधवेचा पाट आमच्या लोकांत लागतो, आमच्या घरात मात्र अजून लागला नाही. गावात तोंडं हलतील. हलू देत, तेवढाच त्यांना व्यायाम.

मला लोकांचं काही नाही. मुंबईचं वाटतं. बहीण एकच आहे.

मामांना साफ सांगितलं, बैल बाजारात बघून घेऊ नये, औताला जुंपलेला बघावा. बाजारात सगळेच गरीब असतात. मामा म्हणाले, "मंग जा की! त्याच्या ट्रामवर जाऊन बस. त्यो कुठं तुला वळखतो?"

बोलले ते थट्टेत. मला बराबर पटलं. पंचक्रोशीतले लोक जनावर घेताना मला सोबत नेतात. माणसाची पारख काय मोठी!

मार्ग. व. ५, जालना स्टेशन

गाडीला अवकाश आहे. भागानं दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. स्थळाबद्दल हो नाही, ना नाही. बैलगाडी वेशीपर्यंत आली तरी मागं चालत होती. शेवटी म्हणाली, "दादा, टोपी कशी घालतो ते नको बघू. बोलतो कसा ते बघ."

मला शिकवते!

मार्ग. व. ७, मुंबई

काल मनमाडला गाडी बदलली. तिथंच सराफाकडून हाली नाण्यांचे इंग्रजी कलदार करून घेतले. इंग्रजी मुलखात निजामाचं नाणं चालत नाही. परळला आपल्या गावचा पांडू गिरणीत आहे, त्याच्या खोलीत पथारी टाकली.

रात्री कामाला लागलो. मामांनी खूण सांगितली होती, उंच, डाव्या भुवईवर व्रण. दोन ट्रामी सोडल्या, तिसरीत सापडला. खाकी कपडे, गळ्यात चामड्याची पिशवी. (यापुढं नुसतं रं. लिहीन.) मी चढलो आणि मागच्या बाकावर कोपरा धरला.

ट्राम मला आवडली. मधेमधे माडीची ट्रामही जाते, लोक वर हवा खात बसलेले. आपली एकमजलीच. विजेवर चालते, तरी हाकणाऱ्याला पायानं घंटा बडवावी लागतेच, म्हणजे माणसं इथलीही वाटेतून लवकर हटत नाहीत. लालबाग, भायखळा, पायधुणी, बोरीबंदर. दिवेच दिवे. आमच्याकडं एवढं तेल लग्नातही जळत नाही.

तिकिटाला एक आणा दिला. रं.नं तो हातात घेतला, दिव्याकडं धरला, माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या खिशात टाकला आणि तिकीट दिलं. मला वाटलं, हं, पहिल्याच रात्री सापडला! पिशवीत जायचा आणा खिशात टाकतो.

लगेच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं दया येणार नाही.

मार्ग. व. ८

चुकलो. कमरेच्या पिशवीत बघितलं तर इंग्रजी नाणी सगळी जागेवर. मनमाडला नजरेतून सुटलेला हालीचा आणा होता, तोच मी काल दिला. तो इथं चालणारच नव्हता. म्हणजे त्यानं माझं खोटं नाणं खिशात घातलं आणि पिशवीत स्वतःचं टाकलं असणार. पांडूला विचारलं. तो म्हणाला, "दुसऱ्यानं खाली उतरवलं असतं तुला."

लाज वाटली. पण एका आण्यावर माणूस पारखत नाहीत. पुन्हा बसलो.

आज शेजारी एक म्हातारा. पूर्वी इथली ट्राम घोडे ओढत, हा त्या घोड्यांचा मोतद्दार होता. आता झोप येत नाही, म्हणून रोज रात्री एक फेरी मारतो. उन्हाळ्यात घोड्यांच्या डोक्यावर टोप्या घालत म्हणे, ऊन लागू नये म्हणून! कानांना भोकं ठेवलेली. मी म्हणालो, थापा नका मारू. म्हातारा चिडला. तेवढ्यात रं. आला आणि म्हणाला, "खरंय त्यांचं. बाबा, सुलतानची टोपी सांगा की यांना."

सुलतान हा म्हाताऱ्याचा घोडा. त्याला टोपीचा राग, रोज झाडून पाडायचा. एकदा ट्राम भर चढावर होती आणि... पुढं म्हातारा खूप बोलला. वीज आली तेव्हा घोडे विकले, सुलतान एका भाड्याच्या गाडीवाल्यानं नेला. म्हातारा कितीतरी दिवस बोरीबंदरला उभा राहायचा, तो दिसेल म्हणून. दिसला नाही. मला माझा ढवळ्या बैल आठवला.

म्हातारा उतरल्यावर मी रं.ला विचारलं, "त्यांनी हे आधी सांगितलंय का तुम्हाला?"

"रोज सांगतात. दोन सालं झाली."

मला वाटत होतं की तो पहिल्यांदाच ऐकतोय. मधे विचारतसुद्धा होता, मंग पुढं काय झालं?

मार्ग. व. ९

शेवटची रात्र. एक खोट हवी होती मला, आणि ती सापडेना. गिरणीतला एक गडी रोज झोपतो, त्याला रं. लालबागला बराबर उठवून देतो. कोळणीची टोपली स्वतः उतरवून देतो आणि वर तिच्या शिव्या खातो, कारण पाणी सांडलं. हसतो आणि दोरी ओढून घंटा देतो.

बोरीबंदरला सगळे उतरले. रं. खाली उतरला, दोरी धरून छतावरचा, विजेच्या तारेला टेकणारा दांडा फिरवला. ट्राम वळत नाही. दांडा फिरवायचा, बाकांच्या पाठी उलटवायच्या आणि आली तशी परत जायचं. मी एकटाच बसलेलो. तो आला आणि माझ्यापुढं हालीचा आणा धरला.

"घ्या. गावाकडं चालंल तुमचा. तुम्ही केदारखेड्याचे ना? मामांचं पत्र आल्तं मला, स्थळाचं. आणा बघितला तवाच वळखलं. अन हालीचा आणा घेऊन तीन राती या ट्रामवर कोण बसंल दुसरं?"

पहिल्या रात्रीच ओळखलं होतं त्यानं. मी तीन रात्री त्याच्यासमोर चोर म्हणून बसलो होतो.

आणा घेतला. मग विचारलं, "तुमच्यात काय खोट आहे?"

तो विचार करून म्हणाला, "खोली लहान आहे. रातपाळी कायमची, एक वाजेपस्तोर न्हाई येत मी. ती एकटी राहील, वळखीचं कुणी न्हाई. पहिलीला बी हेच जड गेल्तं. हे तिला सांगा, बिलकुल झाकू नका."

खोट सापडली. त्यानंच दिली.

मार्ग. व. १२, केदारखेडा

आलो. माय आणि भागा दोघी समोर येऊन बसल्या. मी सांगितलं. खोली लहान. रोज रातपाळी. एकटं राहावं लागेल.

माय म्हणाली, "मंग राहू द्या."

भागा म्हणाली, "आन बोलतो कसा?"

मी म्हणालो, "बरा बोलतो." आणि बैलांना वैरण टाकायला उठलो.

पौष शुद्ध ४

पौषात स्थळाचं बोलत नाहीत, हे मायला आवडलंय. मामांना माघात उत्तर द्यायचंय.

रात्री शेकोटीला बरीच माणसं. ट्रामचं सांग म्हणाले. घोड्यांच्या टोप्या सांगितल्या, हसून हसून मेले. मग झोपलेल्या गिरणीवाल्याचं सांगितलं. त्याला कोण उठवतं? कंडक्टर. कोळणीचं. टोपली कोण उतरवतं? कंडक्टर. ट्रामचं काहीही सांगायला घ्यावं, हा मधे येतोच! त्याला गाळून सांगायला गेलो तर गोष्टच लंगडी होते.

भागा ओट्यावर बसून होती. शेंगा सोलत. एवढ्या थंडीत, अंधारात शेंगा.

पौष शु. ८

पुन्हा तेच. शेजारच्या खेड्यातली पोरंही आली ट्राम ऐकायला. सुलतान घोड्याचं सांगितलं, कंडक्टर ते रोज ऐकतो तेही. भागानं ओट्यावरूनच विचारलं, "दोन सालं रोज तेच ऐकतो त्यो? अन पुढं काय झालं म्हणून इचारतो?"

मी हो म्हणालो. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार?

पौष शु. ९

सकाळी भागानं गोठ्यात गाठलं. धार काढत होती, वर बघितलं नाही.

"दादा, तू खोट सांगितली अन गुण शेकोटीवर सांगून राह्यला. मला समोर बसवून का न्हाई सांगितलं?"

मी म्हणालो, खोट खोटी नाही, त्यानंच सांगितली.

"त्यानंच?"

"हो."

तिनं भांडं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "स्वतःची खोट सांगणारा आजपस्तोर एक बी आला न्हाई आपल्या दारात."

खरं काय ते इथं लिहितो, दुसरीकडं लिहायची सोय नाही. खोट सापडावी अशी माझीच इच्छा होती. भागा जन्मली तेव्हा मी अकरा वर्षांचा, कडेवर घेऊन हिंडलो आहे. नवरा वारला तेव्हा मीच गाडी जुंपून तिला आणलं. पेरणी कधी धरायची हे मी गावाला सांगतो, पण आधी तिला विचारतो. ती गेली तर माझं फार वाईट होईल. हे कारण मामांना कळवता येत नाही.

पौष वद्य १

दुपारी सगळं सांगितलं. मायसमोर. आण्याचं, म्हाताऱ्याचं, मी चोरून बसलो आणि तो पहिल्याच दिवशी समजून होता त्याचं. भागा आण्यावर हसली ती हसतच राहिली. सहा वर्षांत एवढी हसलेली मी बघितली नाही. माय तिच्याकडं बघतच बसली.

मग भागा म्हणाली, "तू तीन राती बसलास. मला एक रात बसू दे."

माय उठूनच गेली. बाईमाणसानं नवरा बघायला जायचं! ट्रामवर! मीही ओरडलो. ती शांत.

"पहिल्या डावाला मला कुणी इचारलं न्हाई. मी गेले. आता जीव माझा, रातपाळी माझी, एकटं राहणं माझं. बैल तुला औतावर बघायचा असतो ना? मंग मला बी तसाच बघायचा."

माझंच औत माझ्या गळ्यात.

पौष व. ६

माय भागाशी बोलत नाही. माझ्याशी बोलते, पण भागाबद्दलच. आमची ही मात्र म्हणाली, "न्या त्यांना. मला तर तुम्हाला बघायला कुणी ट्रामसुद्धा दावली न्हाई."

मामांना लिहिलं, उत्तर थोडं थांबून देतो.

माघ शु. ३, मुंबई

परळच्या थांब्यावर दिव्याच्या खांबाखाली बसून लिहितोय. अक्षर वाकडं येतंय.

पांडूच्या बायकोनं भागाला ठेवून घेतलं. संध्याकाळी आठला रं.ची ट्राम आली. भागानं मला मागच्या बाकावर बसवलं, स्वतः पुढं. म्हातारबा नेहमीच्या जागी होते, तिच्या मागंच. रं. तिकिटं फाडत आला. मला बघून थबकला. मग पुढं बघितलं. ती कोण ते सांगावं लागलं नाही, आमचे दोघांचे चेहरे एकच आहेत.

तिच्यापाशी गेला. काहीतरी बोलला. तिनं काहीतरी विचारलं. तो पुढं जाऊन इतरांची तिकिटं फाडून आला, पुन्हा उभा राहिला, तिनं पुन्हा विचारलं. बोरीबंदरपर्यंत हेच. खडखडाटात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. जनावराचं कसं, तोंड उघडून दात बघितले की झालं. इथं मी मागून नुसता तिचा पदर बघतोय.

साडेनऊला परळला परत आलो. मी म्हणालो, चल.

भागा म्हणाली, "तू उतर, दादा. माझं इचारून झालं न्हाई. आणखी एक खेप बसते."

मी म्हाताऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, "मी आहे ना."

उतरलो. उतरायचं मनात नव्हतं, खोटं कशाला लिहू. पण तिच्या आवाजात जे होतं ते मी ओळखतो, पेरणीचा दिवस सांगताना असतं तेच.

अकरा वाजले. आत्ता ट्राम आली. मी उठून उभा राहिलो, हात केला. भागानं बघितलं. तिनंही हात केला, बसल्या जागेवरून. रं.नं दांडा फिरवला, बाकांच्या पाठी उलटवल्या. ती समोरच्या बाकावर जाऊन बसली.

उतरली नाही. ट्राम पुन्हा गेली.